सपोर्ट चाचणी: संमतीपत्रातून गळलेला धोका

फार लवकर जन्मलेल्या बाळांना किती ऑक्सिजन द्यावा हे शोधणाऱ्या अमेरिकेतल्या सपोर्ट चाचणीतले पल्स ऑक्सिमीटर मुद्दाम थोडा चुकीचा आकडा दाखवत होते. पडद्यावर 90 दिसत असेल, तर एका गटातल्या बाळाचं खरं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 87 असायचं आणि दुसऱ्या गटातल्या बाळाचं 93. परिचारिकांना सूचना एकच होती: आकडा 88 ते 92 मध्ये ठेवा. त्या प्रामाणिकपणे ऑक्सिजन वरखाली करत राहायच्या आणि एक गट खरोखर 85 ते 89 मध्ये, तर दुसरा 91 ते 95 मध्ये राहावा अशी योजना होती. फेरफार जास्तीत जास्त तीन अंकांचा. 84 च्या खाली किंवा 96 च्या वर गेलं की यंत्र हळूहळू खऱ्या आकड्यावर येई, म्हणजे टोकाच्या धोक्याला कोणी फसू नये. कोण कुठल्या गटात आहे हे खाटेजवळच्या कोणालाच कळू नये यासाठी हे सगळं होतं आणि तांत्रिकदृष्ट्या ही युक्ती उत्तम होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) नवजात संशोधन जाळ्यातल्या वीसहून अधिक केंद्रांत फेब्रुवारी 2005 ते फेब्रुवारी 2009 या काळात 24 आठवडे ते 27 आठवडे 6 दिवस एवढ्या गर्भवयात जन्मलेली 1,316 बाळं या चाचणीत घेतली गेली. मे 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी, 7 मार्च 2013 रोजी, मानवी संशोधनावर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाने (ओएचआरपी) अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्राला पत्र पाठवलं. पालकांना दिलेल्या संमतीपत्रात रास्तपणे अपेक्षित धोके सांगितलेले नाहीत आणि त्यामुळे नियमभंग झाला आहे, असं त्यात म्हटलं होतं. अतिदक्षता संशोधनातल्या संमतीवर त्यानंतर जेवढी कडाक्याची भांडणं झाली, तेवढी क्वचितच कुठल्या एका प्रकरणावरून झाली असतील. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं होती. म्हणूनच हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं.

प्रश्न कुठून आला

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात. ऑक्सिजन जास्त झाला की ती वाढ खुंटते, मग वेडीवाकडी होते आणि टोकाला दृष्टिपटल सुटून येतं. आज आपण याला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतो. 1940 च्या दशकात या आजाराचं वर्णन झालं. त्या काळी काचपेटीत मोकळ्या हाताने ऑक्सिजन सोडला जाई आणि जगभर हजारो मुलं आंधळी झाली. 1953-54 मध्ये अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ऑक्सिजन हाच दोषी ठरवला. त्यानंतर सगळीकडे ऑक्सिजनवर काट बसली.

त्या जुन्या चाचणीत एक फट होती. बाळं जन्मानंतर 48 तासांनी घेतली गेली. पहिल्या दोन दिवसांत कमी ऑक्सिजनमुळे कोणी दगावत असेल, तर ते या हिशेबात येणारच नव्हतं. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये मृत्यूच्या नोंदींवरून एक अंदाज मांडला गेला: ऑक्सिजन आखडून वाचवलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे 16 बाळं दगावली असावीत. अंदाज ढोबळ होता, त्याच्या पद्धतीवर बोट ठेवता येतं. पण तो या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. ऑक्सिजन जास्त दिला तर डोळे जातात, कमी दिला तर जीव किंवा मेंदू जातो, ही भीती 2005 मध्ये नवी नव्हती. पन्नास वर्षं ती पाठ्यपुस्तकात होती.

2005 च्या सुमारास 85 ते 95 ही व्याप्ती सर्वसाधारणपणे मान्य होती. त्या पट्ट्यात नेमकं कुठे राहायचं हे प्रत्येक विभाग, खरं तर प्रत्येक पाळीची परिचारिका, आपापल्या सवयीने ठरवी. म्हणजे प्रश्न खरा होता, उत्तर कोणाकडेच नव्हतं आणि यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकून गट ठरवणारी चाचणी, करणं योग्यच होतं. चाचणी करायलाच नको होती असं म्हणणारे नंतर काही निघाले. त्यांचं म्हणणं आम्हाला पटत नाही. दोष असला तर तो पालकांना काय सांगितलं यात आहे.

रचना आणि निकाल

चाचणी दुहेरी होती. प्रत्येक बाळासाठी दोन चिठ्ठ्या. पहिली श्वसनाची: जन्मताच सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा), की पहिल्या तासात श्वासनलिकेत नळी घालून सर्फॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध). दुसरी ऑक्सिजनची: खालचा पट्टा की वरचा. पहिली चिठ्ठी प्रसूतिकक्षातच लागू व्हायची, त्यामुळे संमती जन्माआधी घेणं भाग होतं. फेरफार केलेला ऑक्सिमीटर जन्मानंतर दोन तासांत लावायचा आणि 36 आठवडे पुरे होईपर्यंत, किंवा बाळ त्याआधीच श्वसनाच्या आधाराशिवाय राहू लागेपर्यंत ठेवायचा.

ऑक्सिजनच्या भागाचा मुख्य निकष जोडनिकष होता: तीव्र आरओपी, किंवा घरी जाण्याआधी मृत्यू, किंवा दोन्ही. मृत्यू इथे का आला, हे समजून घेणं या प्रकरणाचा गाभा आहे. जे बाळ दगावतं त्याला आरओपी होऊ शकत नाही. नुसती आरओपी मोजली, तर जास्त बाळं दगावणारा गट डोळ्यांच्या बाबतीत उगाचच सरस दिसेल. म्हणून संख्याशास्त्राच्या शिस्तीनुसार मृत्यूला जोडनिकषात बसवावंच लागतं.

निकाल असा लागला. जोडनिकषात ठळक फरक नाही: खालच्या पट्ट्यात 28.3 टक्के, वरच्यात 32.1. पण जोड सोडवली की दोन भाग उलट दिशांना धावत होते. तीव्र आरओपी खालच्या पट्ट्यात 8.6 टक्के, वरच्यात 17.9, म्हणजे निम्म्यावर. मृत्यू मात्र खालच्या पट्ट्यात 654 पैकी 130, म्हणजे 19.9 टक्के, वरच्यात 662 पैकी 107, म्हणजे 16.2 टक्के. मृत्यूतला हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर काठावरच बसत होता, आणि एकट्या या चाचणीवरून कोणी ठाम बोललं नसतं तरी चाललं असतं. पुढे अशा पाच चाचण्यांची, 4,965 बाळांची माहिती एकत्र केली गेली आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही दिशा तीच निघाली: मृत्यू खालच्या पट्ट्यात 19.9 विरुद्ध वरच्यात 17.1 टक्के, आतड्याचा गंभीर विकार (एनईसी) 9.2 विरुद्ध 6.9, आणि उपचार लागलेली आरओपी 10.9 विरुद्ध 14.9.

जोडनिकषाबद्दल इथे एक गोष्ट बोलून टाकावी. आरओपीवर लेझरचा उपचार आहे. वेळेत तपासणी झाली तर दृष्टी बहुतेकदा वाचते. सपोर्टमधल्या मुलांची पुढे 18 ते 22 महिन्यांच्या वयात तपासणी झाली, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या अंधत्वाचं प्रमाण दोन्ही गटांत अगदी कमी होतं आणि त्यात ठळक फरक नव्हता. मृत्यूवर लेझर नाही. संख्याशास्त्र या दोन घटनांना एकाच तराजूत टाकतं. कुठलीही आई टाकणार नाही. संमतीपत्र आईसाठी लिहायचं असतं.

संमतीपत्रात काय होतं

बर्मिंगहॅमच्या संमतीपत्राची मांडणी थोडक्यात अशी होती. चाचणीतले सगळे उपचार प्रचलित उपचारच आहेत, त्यामुळे तुमच्या बाळाच्या धोक्यात अंदाज करता येईल अशी वाढ नाही. पल्स ऑक्सिमीटरचा ज्ञात धोका एकच, सेन्सरच्या जागी त्वचेला किरकोळ इजा. संभाव्य फायद्यांत मात्र असं होतं, की खालचा पट्टा ठेवल्याने तीव्र आरओपी होणाऱ्या बाळांची संख्या कमी होऊ शकते.

फायद्याच्या बाजूला डोळे आहेत. धोक्याच्या बाजूला कातडी आहे. खालच्या पट्ट्यामुळे जीव किंवा मेंदू धोक्यात येऊ शकतो का, हे तपासण्यासाठीही ही चाचणी आहे, ही गोष्ट ऑक्सिजनच्या दोन गटांशी जोडून कुठेच नाही. वरच्या पट्ट्यात आरओपी वाढू शकते, हे फायद्याचं वाक्य उलटं वाचून पालकांनी ताडायचं. शिवाय परिचारिकेला दिसणारा आकडा खरा नसेल, ही गोष्ट सामान्य माणसाला खटकेल एवढ्या स्पष्टपणे सांगायला हवी होती. तीही तशी आली नव्हती.

हे एका केंद्राचं पत्र. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या आचारसमितीने आपापला मसुदा मंजूर केला होता. शब्द ठिकठिकाणी बदलले, तरी ‘हे सगळं प्रचलितच आहे’ हा सूर अनेक पत्रांत होता. नागरी हितासाठी लढणाऱ्या पब्लिक सिटिझन या संस्थेने 2013 मध्ये ही पत्रं मिळवून त्यावर सरकारकडे तक्रार केली.

‘प्रचलित उपचार’ या सबबीत काय चुकतं

सबब ऐकायला सरळ वाटते. चाचणीबाहेरची बाळंही 85 ते 95 मध्येच असतात. आतली बाळंही त्याच पट्ट्यात. मग धोका वाढला कुठे?

अख्ख्या गटाची सरासरी काढली तर कदाचित वाढला नसेल. पण संमती सरासरी देत नाही, एका बाळाचे पालक देतात. समजा, ज्या विभागात हे बाळ जन्मणार आहे तिथे 88 ते 92 ठेवायची रीत आहे. चाचणीबाहेर राहिलं तर बाळाला तो मधला पट्टा मिळेल. चाचणीत आलं तर तो नक्की मिळणार नाही. नाणं उडवून ते वरच्या किंवा खालच्या काठावर ढकललं जाईल. समजा, दुसऱ्या विभागात डॉक्टर 92 च्या वरच ठेवतात. तिथल्या बाळासाठी चाचणीत येणं म्हणजे निम्म्या शक्यतेने खाली जाणं. दोन्ही काठ मान्य व्याप्तीत बसतात, हे खरंच. तरी या बाळाच्या वाट्याला येणारा धोका चाचणीमुळे बदलतो. कुठल्या दिशेने, हेच तर शोधायचं होतं.

एनआयएचच्या वरिष्ठांनी आणि अनेक नीतिशास्त्रज्ञांनी जून 2013 मध्ये संशोधकांची बाजू घेतली. त्यांचं सगळ्यांत मजबूत म्हणणं असं, की 2005 मध्ये 85 ते 89 मध्ये मृत्यू वाढतो असा पुरावा नव्हता. आधीच्या काही निरीक्षणांत तर खालच्या पट्ट्यात ठेवलेल्या बाळांत आरओपी कमी आणि मृत्यूही जास्त नाही, असं दिसलं होतं. मृत्यू जोडनिकषात आला तो स्पर्धक घटना म्हणून, म्हणजे दगावलेल्या बाळाला आरओपी होऊ शकत नाही म्हणून, भाकीत म्हणून नव्हे. निकाल हातात आल्यावर मागे वळून ‘हे तुम्हाला ठाऊकच होतं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

या युक्तिवादाचा शेवटचा भाग आम्हाला मान्य आहे. खालच्या पट्ट्यात जास्त बाळं दगावतील, असं 2005 मध्ये कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं आणि संमतीपत्रात तसं लिहायला हवं होतं असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ‘माहीत नाही’ आणि ‘धोका नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरओपी कमी होईल हेही 2005 मध्ये सिद्ध नव्हतं. ते तपासायचंच होतं. तरीही ते फायद्याच्या रकान्यात ‘होऊ शकतं’ म्हणून बसलं. तेवढ्याच अनिश्चिततेची दुसरी बाजू धोक्याच्या रकान्यात ‘होऊ शकतं’ म्हणून का बसली नाही? अनिश्चितता एका बाजूला आशा म्हणून दाखवायची आणि दुसऱ्या बाजूला पुरावा नाही म्हणून गाळायची, हा दुहेरी माप लावण्याचा प्रकार झाला. यात कोणाचा वाईट हेतू होता असं मानायची गरज नाही. प्रश्नाशी रोज झटणाऱ्या माणसाला दोन्ही पट्टे सारखेच ओळखीचे वाटू लागतात, आणि ओळखीची गोष्ट निर्धोक वाटते. पत्र लिहिणारे, मंजूर करणारे आणि समजावणारे तिघेही त्याच वर्तुळातले असले, की हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा बचाव असा झाला, की चाचणीत आलेली बाळं न आलेल्या बाळांपेक्षा कमी दगावली, मग नुकसान कसलं? हा बचाव पूर्णच बाजूला ठेवायला हवा. पात्र असूनही न आलेली बाळं तीन हजारांच्या घरात होती आणि दोन गट मुळातच वेगळे होते. चाचणीत आलेल्या मातांना प्रसूतीपूर्व काळजी आणि (बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून दिलं जाणारं) स्टेरॉइड अधिक प्रमाणात मिळालं होतं. ज्या आईशी संमतीबद्दल बोलायला वेळ मिळतो, तिला स्टेरॉइड द्यायलाही वेळ मिळालेला असतो. जी रात्री दोनला कळा सुरू असताना येते, तिला दोन्हीही मिळत नाही. यादृच्छिक नसलेली तुलना पुढे करून यादृच्छिक चाचणीचा बचाव करणं विचित्रच.

त्याच माहितीवर पत्र कसं लिहिता आलं असतं

2005 मध्ये जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच, निकालाचा एकही आकडा न वापरता, ऑक्सिजनचा भाग असा लिहिता येतो:

«इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला बहुधा ऑक्सिजन लागतो. रक्तातला ऑक्सिजन आम्ही 85 ते 95 मध्ये ठेवतो. चाचणीत भाग घेतला नाहीत, तर या विभागात तुमच्या बाळासाठी साधारण अमुक ते अमुक हा पट्टा ठेवला जाईल आणि डॉक्टर गरजेनुसार तो बदलतील. चाचणीत आलात, तर संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल: 85 ते 89 किंवा 91 ते 95. तुम्ही किंवा डॉक्टर ते निवडू शकणार नाही.

ऑक्सिजन जास्त राहिला तर डोळ्यांचा एक आजार वाढू शकतो. त्यावर उपचार आहे, पण काही मुलांची दृष्टी जाऊ शकते. ऑक्सिजन कमी राहिला तर मेंदूला इजा होण्याची किंवा बाळ दगावण्याची शक्यता वाढू शकते. या दोन पट्ट्यांत यातलं काय, किती घडतं हे डॉक्टरांना ठाऊक नाही, म्हणूनच ही चाचणी आहे. कुठल्या गटात किती बाळं दगावतात, हेही आम्ही मोजणार आहोत.

परिचारिकेला दिसणारा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा तीनपर्यंत कमी किंवा जास्त असेल. 84 च्या खाली किंवा 96 च्या वर गेल्यास यंत्र खरा आकडा दाखवू लागेल.»

जेमतेम दीडशे शब्दांचा मजकूर. तो वाचून काही पालक नाही म्हणतील. भरतीचा वेग घटतो, चाचणी वर्षभर लांबते, खर्च वाढतो. संशोधकाला हे झोंबतं, आणि ‘दगावण्याची शक्यता’ हे शब्द मसुद्यातून गळतात ते बहुधा याच भीतीने. पण हे शब्द वाचून जो नाही म्हणतो, त्याची संमती हे शब्द लपवून मिळवली असती, तर ती संमती कशाची होती?

यातला पहिला परिच्छेद सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो: चाचणीबाहेर राहिल्यास या बाळाचं काय होईल. तो लिहायला आचारसमितीला विभागाची खरी रीत विचारावी लागते. कागदावरचा प्रोटोकॉल पुरेसा नाही. अलार्मच्या मर्यादा काय लावल्या आहेत, रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती बाळं असतात, आदल्या महिन्याच्या नोंदींत सॅच्युरेशन खरोखर कुठे होतं, हे पाहावं लागतं. सपोर्टमध्येही प्रत्यक्षातलं मधलं सॅच्युरेशन दोन्ही गटांत ठरवलेल्या पट्ट्यापेक्षा थोडं वरच राहिलं. हाताने ऑक्सिजन फिरवणाऱ्या माणसाचा कल नेहमी थोडा वर असतो.

समितीला एक सोपी परीक्षा घेता येते. प्रोटोकॉलमधल्या मुख्य आणि दुय्यम निकषांची यादी एका बाजूला ठेवायची, संमतीपत्रातले धोके दुसऱ्या बाजूला. जी गोष्ट मोजण्यासाठी चाचणी रचली आहे आणि जी एका गटात जास्त निघू शकते, ती संमतीपत्रात साध्या भाषेत नसेल तर मसुदा परत. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकी सरकारने काढलेल्या मार्गदर्शक मसुद्याचं सार जवळपास हेच होतं: नेमून दिलेला उपचार माणसाला एरवी मिळाला असता त्यापेक्षा वेगळा असेल आणि त्याच्या धोक्याचं मोजमाप हाच संशोधनाचा हेतू असेल, तर तो धोका रास्तपणे अपेक्षित समजून सांगायचा.

प्रसूतिकक्षातला कागद

पत्र उत्तम लिहिलं तरी अर्धंच काम होतं. आई 25 आठवड्यांची गरोदर, कळा सुरू, मॅग्नेशियम सल्फेट या औषधामुळे अंग जड, बाळ जगेल का हेच नक्की नाही. अशा वेळी दहा-बारा पानांचा कागद वाचून कोणी ‘माहितीपूर्ण’ निर्णय घेत नाही. शिवाय 28 आठवड्यांच्या आत प्रसूत होण्याची भीती असलेल्या ज्या अनेक जणींशी बोललं जातं, त्यांतल्या पुष्कळांची प्रसूती त्या काळात होतच नाही. म्हणजे खूप मातांना हा धक्का विनाकारण द्यावा लागतो आणि ज्यांना खरंच लागू आहे त्यातल्या काही निसटून जातात.

आमच्या मते सपोर्टसारख्या दुहेरी चाचणीत संमतीचेही दोन टप्पे करता आले असते. सीपॅप की नळी हा निर्णय जन्माच्या क्षणाचा आहे. त्याची संमती आधीच हवी. ऑक्सिजनचा पट्टा मात्र आठवडेच्या आठवडे चालतो. जन्माआधी थोडक्यात परवानगी घ्यायची आणि बाळ स्थिर झाल्यावर, 24 ते 48 तासांत, आई-वडिलांसोबत बसून ऑक्सिजनच्या भागावर पुन्हा सविस्तर बोलायचं: चालू ठेवायचं का? नाही म्हटलं तर यंत्र साधं करून विभागाच्या नेहमीच्या पट्ट्यावर जायचं. या दुसऱ्या बैठकीत काही बाळं चाचणीतून बाहेर पडतील आणि विश्लेषणात थोडी गुंतागुंत होईल. ती किंमत परवडणारी आहे.

बैठकीला उपचार करणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळी व्यक्ती असावी. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला सगळे हो म्हणतात. ‘चाचणीत नसतं तर बाळाला काय मिळालं असतं, सांगाल?’ असं विचारावं. उत्तर आलं नाही, तर सही घेऊ नये.

न्यायालय आणि नियम

4 जून 2013 रोजी ओएचआरपीने दुसरं पत्र लिहिलं. संमतीपत्रातल्या त्रुटींवरचं मत कायम ठेवलं, पण कारवाई स्थगित केली आणि नियम अधिक स्पष्ट करायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. 28 ऑगस्टला जाहीर सुनावणी झाली. बर्मिंगहॅममधल्या तीन कुटुंबांनी केलेला दावा 2015 मध्ये जिल्हा न्यायालयात आणि पुढे 2018 मध्ये अपिलातही फेटाळला गेला. कारण कायद्याच्या दृष्टीने सरळ होतं: मुलांना झालेलं नुकसान चाचणीमुळे झालं, अपुऱ्या दिवसांमुळे नव्हे, हे सिद्ध होऊ शकलं नाही. पण 25 आठवड्यांच्या एकेका बाळाबाबत ते कधीच सिद्ध होणार नाही. फरक फक्त गटांत दिसतो. म्हणजे या प्रकारच्या संशोधनात चुकीच्या संमतीला नुकसानभरपाईच्या वाटेने आळा बसण्याची आशा नाही. आळा बसायचा तर तो मंजुरीच्या टेबलावरच. अमेरिकेतल्या सुधारित नियमांनी, जे जानेवारी 2019 पासून पाळणं बंधनकारक झालं, संमतीपत्राच्या सुरुवातीलाच मुख्य माहिती थोडक्यात द्यायला सांगितलं. ते चांगलंच आहे. पण थोडक्यात द्यायच्या माहितीतही मृत्यूचा उल्लेख करायचा की नाही हे शेवटी माणसंच ठरवतात.

भारतात अशी चाचणी झाली तर? ऑक्सिजनचा पट्टा हे नवं औषध नाही. 2019 च्या नवी औषधं व क्लिनिकल चाचणी नियमांत दुर्बल सहभागींवरच्या नव्या रसायनांच्या चाचण्यांसाठी संमतीचं दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचं आहे. ती सक्ती इथे आपोआप लागू होणार नाही. भार पडेल तो आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांवर आणि संस्थेच्या आचारसमितीवर. म्हणजे ‘दोन्ही पट्टे रूढच आहेत’ ही सबब इथेही तितक्याच सहज पुढे येईल.

आपल्याकडच्या अडचणी मात्र आणखी वेगळ्या आहेत. पुष्कळ बाळं बाहेर जन्मून हलवून आणलेली असतात. आई सिझेरियननंतर तालुक्याच्या रुग्णालयात, बाळ जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात), आणि दारात मामा किंवा आजी. मामाची सही उपचारासाठी घाईत चालवून घेतली जाते. संशोधनासाठी ती चालत नाही. संमती आई-वडिलांची किंवा कायद्याने मान्य प्रतिनिधीची लागते, आणि त्यांना वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारही. फोनवर आईला सांगून वडिलांची सही घेतली, तर आईशी काय बोलणं झालं, कोणी केलं, किती वेळ झालं याची नोंद हवी, आणि ती बाळाजवळ आली की दुसरी बैठक तिच्यासोबत. आणखी एक: आपल्याकडे आरओपी 28 आठवड्यांच्या बाळांपुरती नाही, हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा मिश्रक (ब्लेंडर) नसलेल्या ठिकाणी 32-34 आठवड्यांच्या, दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही ती होते. ज्या एसएनसीयूत ब्लेंडर नाही आणि नेत्रतज्ज्ञ पंधरवड्याने एकदा येतो, तिथे ‘आरओपीवर उपचार आहे’ हे वाक्य संमतीपत्रात लिहिण्याआधी तो उपचार या बाळाला कोण, कधी आणि कुठे देणार, ते नावानिशी आणि वारासकट ठरलेलं असलं पाहिजे. ते ठरलेलं नसेल, तर वरच्या पट्ट्याचा धोका तिथे वेगळाच आहे आणि परदेशी पत्राचं भाषांतर तिथे कामाचं नाही.